चादरीवरची वेल

—नाही हो साहेब, खुशाल हात लावा, काही होत नाही त्याला. आमच्याच घरची जुनी चादर आहे ती, धुऊन धुऊन विटलेली. मी फरशी पुसायला काढली होती, पोरीनं उचलली आणि हे असलं छापलं तिच्यावर. कॉलेजवाले म्हणतात, वर्षाचं काम. मी आई तिची. ती खाली गेलीय शाईचे हात धुवायला, येईलच, तोवर मी बसलेय इथं राखण करत. राखण कसली म्हणा, चोरालाही नको असलेला माल. ह्या शिवलेल्या पिशव्या, ही कापडाची कानातली — त्यासाठी तो आरसा ठेवलाय, लावून बघायला. सोमवारपासून प्रदर्शन चालू आहे, पण आरशात डोकावतात ते केस सारखे करायला.

फोटो? सगळे माझेच आहेत ते. ओट्याशी मी, दोरीवर कपडे घालताना मी, दुपारची आडवी झालेली मी — आणि सगळे पाठमोरे. पोटच्या पोरीला आईचं तोंड बघवत नाही. विचारलं मी तिला, समोरून का नाही गं काढलास एकही? तर म्हणाली, तू वळलीस की बोलायला लागतेस. आता बोलू नको तर काय करू? घरात आम्ही दोघीच. घरभर ठसे कोरायच्या त्या रबरासारख्या लाद्यांचा कचरा, केरात तो, अंथरुणात तो, आणि कोरता कोरता बोटं कापून घेतलेली. मी तर तिला लहानपणापासून सांगत आले, तुझ्यानं काही होणार नाही. रोज सांगते. सकाळी चहाचा कप हातात देताना पण सांगते, मायेनंच सांगते, म्हणजे पुढं वाईट वाटायला नको. आणि झालं का काही? पहिल्या वर्षीची गंमत सांगते तुम्हाला. ठसा कोरताना म्हणे सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा ते छापल्यावर सुलटं येतं. हिनं स्वतःचं नाव कोरलं ते चक्क सुलटं, आणि कागदावर उमटलं उलटं. अख्खा वर्ग हसला. रडत घरी आली. मी अजून पाहुण्यांना सांगते, तिच्यासमोरच, सगळे हसून हसून बेजार होतात.

काय म्हणालात? तुमचा छपाईचा कारखाना आहे? कापडाचा? आणि न्यायचंय — हिला? दोन वर्षं, शिकवणार, वर राहायची सोय पण तुमचीच? बाई गं. साहेब, तुम्ही शेजारच्या टेबलावर जाणार होतात, चुकून इथं आलात. त्या मुलीचं काम बघा, किती नीटनेटकं आहे. हिच्यात काय दिसलं तुम्हाला? — आता तो आरसा कशाला उचललात? चादरीकडे काय धरताय? ती किनार ना, वेल आहे ती. वर एक रेघ आणि खाली लोंबणारी पानं, मीच सांगते सगळ्यांना वेल आहे म्हणून. वाचू? वेल काय वाचायची? द्या इकडं.

तु... तुझ्या...

अच्छा.

तुझ्यानं काही होणार नाही. एकापुढे एक, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे ह्या वेळी मुद्दाम सुलटं कोरलं. आणि मी सोमवारपासून ह्या चादरीसमोर खुर्ची टाकून, येईल त्याला, बघा हो, वेल काढलीय पोरीनं. ती शेजारी उभी असायची. ऐकायची, हसली पण नाही एकदा. आणि तुम्हाला हेच आवडलं? ह्याच्यासाठी नेणार तुम्ही तिला? नाही, मला लाज नाही वाटत, राग येतोय. माझेच शब्द, माझीच चादर.

एक सांगायचं राहिलं साहेब. सांगू नये, पण तुमच्या कारखान्यात ते मोठे रूळ फिरत असणार, उद्या काही झालं तर तुम्हीच अडकाल. तिला झटके येतात. कसे म्हणजे — पडते. हो, पडते, तोंडाला फेस येतो. लहानपणापासून. म्हणजे तसं आठवीत होती तेव्हापासून. तिला विचारू नका, ती नाहीच म्हणेल, शुद्धीवर आली की तिला काही आठवतच नाही ना. डॉक्टर म्हणाले, यंत्रापाशी उभी करू नका. माझं काय, मला का तिचं भलं नकोय? गेली असती तर गेली असती. मी रिकाम्या घरात बोलायचं कुणाला — ते जाऊ द्या. कार्ड ठेवताय का? नाही? परत खिशात घातलंत, बरं केलंत. या मग. तुम्ही तरी काय करणार, तुमचंही बरोबर आहे. जिन्यात भेटली तर काही बोलू नका तिच्याशी, मनाला फार लावून घेते.

आलीस? धावत कशाला आलीस एवढी? कोण साहेब? हां, ते होय. पिण्याचं पाणी कुठं मिळेल विचारत होते. चादर? बघितली की. आरसा कुठाय काय विचारतेस, मी घातला पिशवीत, तुझी कानातली कोण घेतंय. घाम पूस आधी. आणि असं टक लावून बघू नकोस माझ्याकडे. सांगितलं ना, बघितली त्यांनी.

वेल छान आहे म्हणाले.