चौसष्ट चुलींचं मशीन

(नांदेड. विहारामागची भांड्यांची खोली. दुपारचे दोन. नागुबाई राखेनं भली मोठी पितळी डेग घासतायत. सून लुंबिनी पालथ्या परातीवर लॅपटॉप ठेवून बसली आहे.)

नागुबाई : नाव सांग त्याचं. परत दे म्हणणारा कोण हाय, कळू दे मला.

लुंबिनी : आत्याबाई, कुणी हिसकावून घ्यायलं न्हाई. मेल आलाय. चार वाजायच्या आत मशीनचं माप बदला, न्हाई तर काढून घेऊ, एवढंच लिहिलंय.

नागुबाई : मग हिसकावणं आणखी कसं असतंय गं? दाराशी दांडकं घेऊन यायलाच पाहिजे का? सगळ्या बायकांत सांगून बसले मी, आमच्या लुंबिनीला सगळ्यात मोठं मशीन दिलंय म्हणून. आता काय सांगू, जावयाच्या पानातली पोळी काढून घेतली?

लुंबिनी : ते माझं एकटीचं नव्हतंच की. पाच-सहा विद्यापीठांचं मिळून एक क्लाउड हाय. लांब कुठंतरी मोठाले कॉम्प्युटर ठेवलेत. ज्याला जेवढं काम, तेवढा तुकडा त्याला कापून देतात. त्या तुकड्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. लहान, मधलं, मोठं, अशी तीन मापं. मी मोठं मागितलं.

नागुबाई : मागितलंस, त्यांनी दिलं. आता बावीस दिवसानं त्यांचं पोट कशानं दुखायलं?

लुंबिनी : तुम्ही नका ना मध्ये पडू.

नागुबाई : मी मध्ये न्हाई, मी पुढं पडणार हाय. ह्या घरची सून पीएचडी करायली. शेतातल्या करडईच्या पोटात काय लिहिलंय ते वाचायली. आजपस्तोर आपल्याला कुणी वाचू दिलं का काही? लाव फोन. कोण हाय तिथला मुख्य?

लुंबिनी : राजशेखर सर. उदगीरचे हायत. चांगले हायत हो.

नागुबाई : चांगला असंल तर ऐकून घेईल. लाव. आन् तो आवाज मोठा कर, मला राखेचे हात हायत.

राजशेखर (फोनवर) : हां, लुंबिनी मॅडम, बोला.

नागुबाई : मॅडम न्हाई, मॅडमची सासू बोलायली. जय भीम.

राजशेखर : शरणार्थी, मावशी, आमचा लिंगायतांचा नमस्कार. बोला की.

नागुबाई : सायेब, मला शिक्षण न्हाई. दुसरीतून शेळ्यामागं गेले. पण एक विचारते. आमच्या सुनंला दिलेलं मशीन तुमी कोणाला द्यायलात? तुमच्या भाच्याला का पुतण्याला?

लुंबिनी : आत्याबाई!

राजशेखर : राहू द्या, मॅडम. विचारू द्या की त्यांना. मावशी, माझा भाचा वीटभट्टीवर मुकादम हाय. त्याला मशीन दिलं तर तो त्याच्यावर विटा वाळवायला ठेवील.

नागुबाई : हसून टाळू नका.

राजशेखर : टाळत नाही. मॅडमकडं मोठं मशीन हाय बघा. चौसष्ट कोर, म्हणजे एकाच वेळी चौसष्ट कामं चालतील असं. मेमरी पाचशे बारा जीबी, म्हणजे काम पसरायला मोठी जागा. आम्हाला इथं दिसतंय कोण किती वापरायलं. बावीस दिवसांत त्यांचा एक कोर चाललाय. एक. आन् जागा वापरली नऊ जीबी.

नागुबाई : पाचशे बारातली नऊ?

राजशेखर : हो. बाकीचं सगळं खाली पडलंय. आन् लातूरची एक मुलगी हाय, शिवकन्या. भूकंपाच्या नोंदींवर काम करायली. तिला मोठंच लागतंय, मधल्यात तिचं काम बसत नाही. मोठी मशीनं तीनच हायत. ती तीन आठवड्यांपासून रांगेत बसली हाय. रोज सकाळी फोन करती, सर, सुटलं का? मी काय सांगू तिला? सुटलं नाही, पण कुणी वापरतही नाही म्हणून?

नागुबाई : तीन आठवडे?

राजशेखर : हो, मावशी. तीन आठवडे.

नागुबाई : बरं. ठेवा फोन. मी करते परत.

लुंबिनी : बघा. म्हणलं होतं मी, नका लावू.

नागुबाई : खरं हाय का ते?

लुंबिनी : हाव.

नागुबाई : चौसष्ट चुली पेटवून एकीवर चहा ठेवला होतास?

लुंबिनी : आधी कच्चा माल निवडायचं काम असतंय, आत्याबाई. प्रयोगशाळेतून करडईच्या जनुकांचा मजकूर चिंध्या-चिंध्या होऊन येतो. त्यातल्या खराब चिंध्या काढायच्या, चांगल्या ठेवायच्या. त्याला लहान मशीन पुरतं. मला मालूम होतं.

नागुबाई : मालूम होतं तर मोठं कशाला उचललंस?

लुंबिनी : तुम्हीच म्हणलात की. अर्ज भरताना तुम्हाला विचारलं मी. तुम्ही म्हणलात, लहान मागू नको. आपण लहान मागितलं की लोक म्हणतात ह्यांची तेवढीच लायकी. सगळ्यात मोठं माग आन् मान वर करून माग.

नागुबाई : म्हणले खरं.

लुंबिनी : मी तसंच केलं.

नागुबाई : माझं ऐकायची तुला आजवर कधी हौस आली न्हाई. भाजीत मीठ कमी टाक म्हणलं तर ऐकत न्हाईस. एकदा ऐकलंस तर हे ऐकलंस!

लुंबिनी : आता हसू का रडू?

नागुबाई : थांब, मला बसू दे. मागच्या महिन्यात आपल्या गल्लीतल्या साहेबरावाच्या बायकोनं काय केलं, ध्यानात हाय का? नातवाच्या बारशाला वीस माणसं. ही डेग नेली तिनं. दोनशे माणसाची डेग! तळाला चार किलो भात. करपला. आन् त्याच दिवशी पलीकडच्या वस्तीत मयतीची माणसं जेवायची होती, त्यांना डेग मिळाली न्हाई. भर विहारात बोलले मी तिला. म्हणले, डेग तुझ्या बापाची न्हाई, समाजाची हाय. रडली बिचारी.

लुंबिनी : मी होते तिथं. तुम्ही लई कडक बोललात.

नागुबाई : कमीच बोलले. तुला तर घरात बसवून बोलायला पाहिजे होतं. न्हाई, मलाच कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. उदगीरचा माणूस सभ्य निघाला म्हणून वाचले.

लुंबिनी : जाऊ द्या आता. अर्ज केलाय मी तयार. मधलं मशीन टाकलंय. मोठं बी न्हाई, लहान बी न्हाई. कुणी काही म्हणणार न्हाई.

नागुबाई : कुणी काही म्हणणार न्हाई म्हणून भांडं निवडतेत का? तुझं काम काय हाय, ते सांग. निवडायचं झालं. पुढं?

लुंबिनी : पुढं जोडणी. सगळ्या चिंध्या एकदम समोर पसरून कुठली कुठं बसती ते बघायचं, आन् अख्खा मजकूर सांधायचा. ते एकदाच करायचं, पण त्याला जागा लई लागती.

नागुबाई : किती दिवस?

लुंबिनी : दोन. फार तर अडीच.

नागुबाई : आन् त्याच्यानंतर?

लुंबिनी : मग तपासणी. आपल्याकडं गावरान करडईचे शंभरावर वाण हायत. रेणापूरचे, उमरीचे, तिकडं माहूरच्या डोंगरातले. एकेक वाण त्या जोडलेल्या मजकुराला लावून बघायचा. कुणावर मर रोग पडत न्हाई, का पडत न्हाई. ते चार महिने चालंल. पण एकेक करून, लहान मशीनवर.

नागुबाई : म्हणजे भात एकदाच शिजवायचा आन् पंगती चार महिने वाढायच्या.

लुंबिनी : तसंच म्हणा.

नागुबाई : शिजवायला किती मोठं भांडं लागंल, ते बघितलंस का? का अंदाजानंच? मी नवा तांदूळ आला की डेगीला हात लावत न्हाई. आधी एक शेर तांदूळ छोट्या गंजात शिजवून बघते. कोणता तांदूळ किती फुगतो, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतंय. मग ठरवते डेग का पातेलं.

लुंबिनी : बघितलं की. गेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर आठवा हिस्सा माल टाकून जोडणी करून बघितली. तेवढ्याला पंचेचाळीस जीबी जागा लागली.

नागुबाई : आठवा हिस्सा पंचेचाळीस. चार हिस्से म्हणजे एकशेऐंशी. अख्खं म्हणजे तीनशे साठ.

लुंबिनी : साधारण तेवढंच.

नागुबाई : आन् मधल्या मशीनात जागा किती?

लुंबिनी : एकशे अठ्ठावीस.

नागुबाई : लुंबिनी.

लुंबिनी : फॉर्म भरायलीय मी.

नागुबाई : माझ्याकडं बघ. दुसरी शिकलेल्या बाईला जे बोटावर कळलं, ते तुला कळलं न्हाई असं न्हाई. मधल्यात तुझा भात उतू जाणार.

लुंबिनी : अर्ध्यात बंद पडंल. मालूम हाय.

नागुबाई : मग?

लुंबिनी : लाज वाटती, आत्याबाई. बावीस दिवस मोठं अडवून ठेवलं. आता परत कुठल्या तोंडानं म्हणू, मला मोठंच लागतंय? क्लाउडच्या यादीत सगळ्यांची नावं दिसतात. माझ्या नावापुढं लाल खूण हाय, वापर नाही म्हणून. लोक म्हणतील, हिला वापरता येत नाही आन् मागती मात्र मोठं. मधलं घेतलं की गप बसता येतं.

नागुबाई : आन् जोडणी झाली न्हाई तर?

लुंबिनी : तर दोन महिन्यानं पीएचडीच्या समितीपुढं दाखवायला काही नसणार. वर्ष जाईल.

नागुबाई : लाजंपायी वर्ष घालवणार. गप बसायला.

लुंबिनी : तुम्हाला न्हाई कळायचं.

नागुबाई : मला न्हाई कळायचं? ऐक. माझ्या लग्नात गावानं आपल्याला डेग दिली न्हाई. गावची डेग होती, चावडीत ठेवलेली, सगळ्यांच्या कार्याला जायची. आपल्याला न्हाई. वरण शिजवलं घागरींमधून. नऊ घागरी, नऊ चुली, कुठं कच्चं, कुठं करपलेलं. वऱ्हाडी हसले. माझी सासू पुढच्या आठवड्यात आपल्या वस्तीत घरोघर फिरली. कुणी तांब्या दिला, कुणी वाटी, एकीनं आईची आठवण म्हणून ठेवलेली समई दिली. ते पितळ घेऊन ती लातूरला गेली, तांबटाला म्हणली, ह्याची डेग कर. हीच ती.

लुंबिनी : हे मला कधी सांगितलं न्हाईत.

नागुबाई : सांगायचं काय त्यात. घासते की रोज. आज तीच डेग त्याच गावातल्या पाटलाच्या पोरीच्या लग्नाला बी जाती. मी देते. सासूचा दंडक एकच होता. जेवढी गरज, तेवढं मोठं भांडं न्यायचं. गरज मोठी असंल तर मोठं न्यायचं, कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई. आन् भात काढला की घासून त्याच दिवशी परत आणायचं, कारण दुसऱ्याची चूल पेटलेली असती. ह्या दोन्हीत लाज कुठं बसती, दाखव मला.

लुंबिनी : मग मोठंच मागू?

नागुबाई : आज न्हाई. आज त्या लातूरच्या पोरीला दे. लाव फोन.

राजशेखर : हां मावशी. रागावणार हायत का अजून?

नागुबाई : रागवायचं होतं ते उलटून माझ्यावरच आलं. सायेब, चूक माझी. मी म्हणले तिला मोठं घे. आता ऐका. मोठं मशीन आत्ता सोडायली ती. लहान द्या तिला, चार महिन्यांचं.

राजशेखर : लहान? मॅडमनी भरायला घेतलेल्या अर्जात इथं मधलं दिसतंय की.

नागुबाई : मधलं आमच्या काहीच कामाचं न्हाई. शिजवायला लहान पडतं आन् वाढायला जड. लहान द्या. आन् मोठं फक्त दोन-तीन दिवसाला पाहिजे, जोडणीपुरतं. तसा दंडक हाय का तुमच्याकडं?

राजशेखर : हाय की! थोड्या दिवसांची पाळी देतो आम्ही. पण कुणी मागतच नाही, मावशी. एकदा मिळालं की सगळे धरून बसतात. सुटलं तर परत मिळायचं नाही म्हणून भीती.

नागुबाई : माणसं तशीच. डेगीचंही तेच. मला विचारा.

लुंबिनी : सर, माझा माल कुठं जाणार? मशीन बदललं की सगळं पुसलं तर?

राजशेखर : नाही मॅडम, माल वेगळ्या डिस्कवर राहतो. मशीन बदलतं, डिस्क तीच जोडायची. शिवकन्याचं काम नऊ दिवसांत उरकंल. तिच्यामागं तुमची पाळी लावतो, तीन दिवस. मेमरी किती लागंल?

लुंबिनी : तीनशे साठच्या आसपास. आठवा हिस्सा चालवून बघितलाय, सर. चारशे धरते.

राजशेखर : करून बघितलंत? वा. इथं बरेच जण नुसते अंदाजानं लिहितात. ठीक हाय, लावतो. फॉर्म भरा, कारणाचा रकाना रिकामा सोडू नका. मशीन वाटणारी समिती वाचती.

नागुबाई : आन् सायेब, त्या पोरीला आत्ताच सांगा. उद्या सकाळी तिनं फोन करायची वाट बघू नका.

राजशेखर : करतो लगेच. शरणार्थी.

लुंबिनी : आत्याबाई, कारण काय लिहू? 'सध्या काम कमी आहे' लिहू?

नागुबाई : काम कमी हाय का तुला? शंभर वाण तपासायचेत. खोटं कशाला लिहितीस? आन् माफी बी लिहू नको. जे हाय ते लिही.

लुंबिनी : थांबा. ऐका हां. 'माझ्या सध्याच्या कामाला लहान मशीन पुरते, म्हणून मोठे मशीन आजच परत करते. जोडणीसाठी तीन दिवस मोठे मशीन लागेल. चाचणीचे आकडे सोबत जोडले आहेत. माझी पाळी आल्यावर ते मागेन.'

नागुबाई : सगळं चांगलं लिहिलंस. शेवटचं तेवढं बदल.

लुंबिनी : काय?

नागुबाई : 'मागेन' न्हाई. 'घेईन' लिही.