बंद कपाटातला कॉम्प्युटर

मुलगी: मदरबोर्ड एक, त्यावर प्रोसेसर आणि रॅमच्या दोन पट्ट्या. डिस्क एक, पॉवर सप्लाय एक, पंखे दोन. स्क्रू एकोणीस. जोडताना एकोणीस आत गेले होते, आता एकोणीस बाहेर आले.

बाबा: म्हणजे तू काही विसरली नाहीस.

मुलगी: नाही.

बाबा: मग काल तो दोनदा आपोआप का विझला? तयार घ्यायचा सोडून सुटे भाग आणलेस. म्हणालीस, स्वस्तात चांगला होईल. मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत बसलोय, पोरीने स्वतः जुळवला म्हणून!

आई: अहो, तिचं डोकं नका खाऊ. आज परीक्षा माझी आहे. हॉस्पिटलच्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय, घरून काम हवं तर मशीन स्वतःचं पाहिजे, आणि दोन तास सलग चाललं पाहिजे. डॉक्टर बोलणार, मी रिपोर्ट टाइप करणार. मधेच बंद पडलं तर काम दुसऱ्या बाईला.

बाबा: म्हणूनच विचारतोय. दुकानदाराने काहीतरी गळ्यात मारलं असेल.

आई: मी बरोबर असताना? पंख्यात रंगीत दिवे बसवू का, म्हणाला. म्हटलं, भाऊ, मला टाइप करायचंय, सर्कस नाही काढायची.

मुलगी: माल चांगला आहे, बाबा. जोडणीही ठीक आहे. काल बंद पडल्यावर मी डबा उचलून जमिनीवर ठेवला आणि तासभर चालवला. काही झालं नाही.

बाबा: मग झालं तर! मिटलं.

मुलगी: नंतर परत आत ठेवला. वीस मिनिटांत बंद.

बाबा: आत म्हणजे?

आई: सांग आता. सकाळपासून गिळून बसली आहेस.

मुलगी: कपाटात.

बाबा: माझ्या कपाटात?

मुलगी: कपाट सुंदर आहे, बाबा. खरंच.

बाबा: लोणी लावू नकोस. दाराच्या फटीत कागद सरकवून बघ. सरकला तर सुतारकी सोडीन.

मुलगी: तेच तर म्हणतेय. कागद सरकत नाही, तशी हवाही सरकत नाही.

बाबा: सरकायलाच नको! पुढच्या खोलीत दिवसभर माझी करवत चालते. या घरात चहावर साय येण्याआधी भुसा येतो. म्हणून तर दाराला रबराची पट्टी लावली, पाठ खाचेत बसवली. तुमच्या मशीनच्या पोटात एक कण जाऊ नये म्हणून.

मुलगी: कण जात नाही, मान्य. पण चिप चालताना तापते. पंखा ती गरम हवा डब्यातून कपाटात टाकतो. कपाट ती सोडत नाही, मग पंखा तीच हवा पुन्हा आत ओढतो. चिप फार तापली की स्वतःला वाचवायला सगळं बंद करते.

बाबा: पुस्तकातलं सांगू नकोस.

मुलगी: मोजलंय. जमिनीवर एकावन्न अंश. कपाटात, दार उघडं ठेवून, एकाहत्तर. दार लावलं की पंच्याण्णव, आणि अंधार.

बाबा: तिन्ही वेळा काम एकच होतं? की एकदा हलकं, एकदा जड?

मुलगी: एकच. आईच्या सरावाचं रेकॉर्डिंग.

बाबा: हं.

आई: मग मी दार उघडं ठेवून बसते.

बाबा: आणि भुसा? थांब, आज मी करवतच बंद ठेवतो.

आई: आज ठेवाल. उद्या? परवा? तुमचं काम बंद ठेवून माझं चालवायचं असेल, तर मला ते नकोच.

मुलगी: पाठीला चार भोकं पाडली तर...

बाबा: भोकं? तीन वेळा पॉलिशचा हात दिलाय त्याला! आतून दिलाय, आतून! फुकट मागणाऱ्या पाहुण्यालासुद्धा मी असलं भोकाचं कपाट करून दिलेलं नाही.

आई: हे कपाट कोणासाठी केलंत?

बाबा: हे काय विचारणं झालं? तुझ्यासाठी.

आई: मग माझ्या कामाला येऊ द्या. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या मशीनवर टाइप केलं. खुर्चीसुद्धा ज्याची पाळी त्याची. आता पहिल्यांदा माझी जागा झालीय, तीही तुमच्या हातची. तिथे बसून हातचं काम गेलं, तर काय पॉलिश चाटत बसू?

बाबा: गरम हवा वर जाते ना गं?

मुलगी: वर जाते.

बाबा: मग बाहेर पडायची वाट पाठीला, अगदी वर. आत यायची खाली, भिंतीच्या बाजूने. करवतीकडे तोंड नको.

मुलगी: तरी थोडा भुसा येईलच.

आई: माझ्याकडे मलमलीचा तुकडा आहे. लहानशी चौकट करून द्या, त्यावर ताणून बसवते. मळला की काढून धुवायचा.

मुलगी: चालेल, पण मलमल हवा थोडी अडवेल. खालची वाट वरच्या वाटेच्या दुप्पट धरा.

बाबा: धरली. पण एक ऐकून ठेव. भोकं मी पाडणार नाही. भोकं उंदीर पाडतात. मी फटी काढीन, तिरक्या, एका मापाच्या, कडा घासून.

आई: पाठ भिंतीकडे आहे. बघणार कोण?

बाबा: मी बघणार.

(दुपार. आई हेडफोन लावून टाइप करते आहे. स्क्रीन बाहेर टेबलावर, पुन्हा जोडलेला डबा कपाटात, कपाटाचं दार बंद आहे. बाबा आणि मुलगी खोलीच्या उंबऱ्यात.)

बाबा: किती वेळ झाला?

मुलगी: हळू बोला. दोन तास होत आले.

बाबा: मघाशी मी करवत लावली होती. तिला डॉक्टरचं ऐकू आलं असेल ना? तिनेच सांगितलं, लावा म्हणून. म्हणाली, रोज जसं असणार तसंच आज असू दे.

मुलगी: तुमच्या करवतीची तिला सवय आहे. तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त.

बाबा: तोंड सांभाळ. ... अगं, ती कीबोर्डकडे बघतच नाही.

मुलगी: नाहीच बघत.

बाबा: बोटं बघ. मी ठोकताना प्रत्येक खिळ्याकडे बघतो, आणि ही बघतच नाही. मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

मुलगी: अकरा वर्षांत एकदाही नाही?

बाबा: कुठे पाहणार? ती तिकडे जायची, मी इथे. घरी आली की म्हणायची, बोटं दुखतात. मी म्हणायचो, बसून तर असतेस.

मुलगी: बाबा!

बाबा: म्हणायचो. काय करू, म्हणायचो.

आई: उंबऱ्यातली मंडळी, कुजबुज पुरे. झालं माझं.

बाबा: झालं म्हणजे? बंद पडला?

आई: शेवटचा रिपोर्ट पाठवला. बाईंनी लगेच कळवलं. सोमवारपासून काम सुरू. आणि म्हणाल्या, मशीन कुठल्या दुकानातून घेतलं ते सांगा, इतर बायकांनाही सांगू.

बाबा: मग काय सांगितलंस?

आई: सांगितलं, भाग दुकानातले, जुळणी मुलीची, आणि ते ज्यात ठेवलंय ते दुकानात मिळत नाही.

मुलगी: आई, लगेच बंद करू नकोस. स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा वाच आधी.

बाबा: थांबा, मी वाचतो. माझा चष्मा कुठे गेला?

आई: डोक्यावर.

बाबा: सरका जरा. दार लावलेलं आहे ना? हां. अठ्ठावन्न अंश.