अर्धा तंबू

—नाही नाही, त्या बाकावर नको बसूस, त्याचा एक पाय निखळलाय, काल मीच आपटले. इकडे ये, भिंतीला टेकून बस. हां. आधी सॅक काढ पाठीवरनं, बूट सैल कर. कुठून निघालीस, पुलापासून? आज सकाळी? आणि इतक्यात पोचलीससुद्धा? शाब्बास गं! मीही कालच चढले ही चढण. एका दमात नाही, खोटं कशाला बोलू, पण कुठे बसले मात्र नाही. सवय आहे ना पायांना. आयुष्यभर टपाल वाटलंय मी — हो, पोस्टमन, बाई असले म्हणून काय झालं — जिने, गल्ल्या, भुंकणारी कुत्री, सगळं पायाखालून गेलंय. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्यांनी विचारलं, आता काय करणार? म्हटलं, चालणार! सगळे फिदीफिदी हसले. म्हटलं, हसा. ही डोंगरातली वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवते की नाही बघा — आणि तीही एकटीनं.

हो, एकटीच आहे मी. एकटं चालण्यासारखी मजा नाही बघ. सकाळी डोळे उघडले की कुणाला ‘उठा, उठा’ करायचं नाही. अंथरूण गुंडाळायचं, पायाच्या बोटांना चिकटपट्टी लावायची — तू लावतेस ना? नुसती टाचेला नको, करंगळीलाही लाव, करंगळी फार दगाबाज — ओले मोजे सॅकवर पिनांनी टाचायचे आणि निघायचं, दगडांवरचे लाल पट्टे बघत बघत. ओढा लागला की पाणी गाळून भरायचं. मनात आलं तर गाणं म्हणायचं, बेसूर तर बेसूर, ऐकतंय कोण? मागून ‘अगं हळू’ म्हणणारं कुणी नाही. प्रत्येक पाटीपुढे उभं राहून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारं कुणी नाही. काय असतं गं त्या पाटीवर? कचरा टाकू नका! एवढं वाचायला किती वेळ लागावा माणसाला?

कोण म्हणजे? कोणी नाही. असतात तशी माणसं.

चहा घेशील? पत्ती आहे, साखर आहे, दुधाची पावडर आहे, शेगडी तर ही बघ, तळहातावर मावते — फक्त गॅस तेवढा नाही. संपला नाही गं, माझ्याकडे नव्हताच. परवापासून थंड पाण्यात ओट्स भिजवून खातेय, नुसता लगदा, त्यानं भिंतीला कागद चिकटवावेत. हस, हस. गॅसशिवाय शेगडी घेऊन डोंगर चढणारी बाई बघितली नसशील तू. आणि तंबूचं तर विचारूच नकोस. कापड आहे माझ्याकडे, चांगलं नवंकोरं — दांड्या नाहीत. परवा दोन झाडांना दोरी बांधून त्यावर टाकलं, वाटलं, जमलं की! पहाटे वारा सुटला आणि सगळं तोंडावर. तंबूत झोपलेली मी, तंबू पांघरून उठले.

बरं बाई, सांगते, त्यात लपवायचंय काय? आमचे हे होते बरोबर. घड्याळं दुरुस्त करतात. जन्मभर एका स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून. घाई हा शब्दच नाही त्यांच्या गावी. हौस माझी, आणि हे म्हणाले, मीपण येतो. मी म्हटलं, या. पहिले काही दिवस झकास गेले. मग सुरू झालं — मी पुढे, हे मागे. मी थांबायचं, हे पोचायचे, हे पोचले की मी निघायचं. म्हणजे विश्रांती सगळी मला आणि यांना काहीच नाही, हे आत्ता तुझ्याशी बोलताना लक्षात येतंय माझ्या. परवा एका फाट्यावर म्हणाले, ‘डोंगर कुठाय? मला तर रोज नुसती तुझी सॅक दिसते.’ म्हटलं, मग तुम्ही चला पुढे! चालले पुढे. अगं, दोनदा माझा पाय त्यांच्या टाचेवर पडला. दुसऱ्यांदा थांबले, वळले आणि म्हणाले, ‘तू एकटीच यायला हवं होतंस.’ म्हटलं, ‘हवंच होतं!’ आणि जी तणतणत निघाले ती मागे वळून बघितलं नाही. आता तणतणत निघालेल्या बाईला दांड्या आठवतात होय? सामान घरूनच वाटून घेतलेलं. हलकं तू घे, जड ते मला दे, म्हणाले होते. गॅस, दांड्या, औषधं, पाण्याची मोठी पिशवी, सगळं यांच्या पाठीवर — आणि वर मीच म्हणते, हळू चालतात.

असो. म्हणून एकटी. कालपासून या वाटसरूंच्या निवाऱ्यात थांबलेय ती आपली टाच दुखतेय म्हणून. या खिडकीतून खालची सगळी वाट दिसते, पण त्याचा काही संबंध नाही. तुला येताना कुणी दिसलं का गं? सहज विचारते. जरा ठेंगणे, टोपी कपाळावर ओढलेली. एक गुडघा जरा कुरकुरतो. बुटाच्या नाड्यांशी काय खेळत बसलीस? दमली असशील. जाऊ दे. तुझ्याकडे गॅस असेल ना? काढ की मग, पत्ती माझी, गॅस तुझा, फक्कड चहा टाकते बघ.

आण इकडे. हा डबा — हा मोज्यात का घातलाय?

थंडीत गॅस नीट पेटत नाही म्हणून, हो ना? ते ठाऊक आहे मला. पण हा तपकिरी मोजा... थांब. या टाचेचा रफू माझा आहे. माझाच आहे गं, मी उलटा टाका घालते, सगळे नावं ठेवतात. कुठे भेटले तुला? पुलापाशी? आणि ते काय, तुझ्या सॅकच्या बाजूला बांधलंय? दांड्या? म्हणजे तू दारात पाऊल टाकलंस तेव्हापासून तुला माहीत होतं, मी कोण ते, आणि एवढा वेळ माझी बडबड ऐकत बसलीस? लबाड!

सांगू नका म्हणाले? मग काय म्हणून द्यायच्या होत्या — माझ्याकडे जास्तीच्या आहेत? तंबूच्या दांड्या जास्तीच्या घेऊन कोण फिरतं? खोटं बोलायचीही अक्कल नाही या माणसाला. आणि का सांगायचं नाही मला?

काय म्हणाले? पुन्हा सांग.

‘कळलं तर ती परत फिरेल.’

असं म्हणाले.

बसले होते? पुलापाशीच, बाकावर? आणि बूट? नीट आठवून सांग, एक काढला होता की दोन्ही? हे बघ, एक काढला तर खडा काढायला, दोन्ही काढले की माणसाचं चालणं संपलं, इतके दिवस चालतेस, एवढं तुलाही कळत असेल. दोन्ही. गुडघा सुजलेला? केवढा? बरं, हातानं नको दाखवूस, कळलं मला. आणि घरी जायची बस पुलावरून कधी सुटते म्हणाले? संध्याकाळी?

छे गं, रडत कुठेय. राग आलाय मला, सणसणीत राग आलाय. लग्न झाल्यापासून माझं ऐकायचं नाही, मला विचारायचं नाही, परस्पर ठरवायचं. मला शेवटच्या टोकाला पोचवायचं आणि स्वतः सुजलेला गुडघा घेऊन एकटं बसमध्ये चढायचं! उतरताना हात कोण देणार? कंडक्टर? भेटू देत, असे फैलावर घेते ना.

तू कशाला उठतेस? गॅस ठेव तुलाच, साखर-पत्ती पण घे, ही शेगडीही राहू दे, खाली जाताना ओझं नको मला. तंबूही घे, आता पुरा आहे. नको कसा? घे म्हटलं ना. आणि असं बघू नकोस माझ्याकडे, वाट कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी येईन, नाहीतर नाही येणार. संध्याकाळच्या आत पुलावर पोचायचंय मला. टाच? टाचेला काय धाड भरलीय! बाजूला हो बघू, माझी सॅक तुझ्या पाठीमागे आहे.