विमानाची समोरची काच

प्लॅस्टिकच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर बाई तडकलेली काच घेऊन उभ्या होत्या.

“गाडीची का, काकू?” दुकानदारानं विचारलं.

“विमानाची. मुलानं घरीच बांधलंय.”

“कमाल आहे. पण ही काच नव्हे, ॲक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच. कशानं पुसता?”

“आरशाच्या स्प्रेनं. रोज सकाळी.”

“त्यानंच तडकली. मुलाला विचारायचंत की.”

“तो असता तर मी कशाला पुसलं असतं, बाबा?”

“...आता उडवणार कोण?”

“कोणी नाही. तरी अगदी अशीच करून द्या. त्याला डाग खपत नसे.”

“देतो. पण हिला नुसतं पाणी आणि मऊ फडकं. तेही धूळ बसली तरच. सारखं पुसलं की चरे पडतात.”

“आणि धूळ नसली तर?”

“हात लावायचा नाही.”

“मग सकाळी उठून मी काय करू?”