वाळू नसलेलं वाळवंट

सन्माननीय अध्यक्ष मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी आणि दारापर्यंत दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं गोड बोललं गेलं, की हा सत्पुरुष कोण असं मलाच वाटायला लागलं. पण खरं सांगतो, मला चैन नाही. मघापासून मी घड्याळाकडे बघतोय आणि पहिल्या रांगेतून आमच्या सौभाग्यवती डोळे वटारताहेत. वटारू देत. पाच वाजायला वीस मिनिटं राहिलीत आणि पाचला कार्यालय बंद होतं.

आपल्या शाळेच्या मावशी तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. घंटा देणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या, आत्ता मागे चहाचे कप मांडणाऱ्या. यंदा त्या लिपिकाच्या बढतीच्या परीक्षेला बसल्या. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. सामान्यज्ञानाचा पेपर मी तपासला. कोणता धर्म आधीचा, कोणता नंतरचा, सगळं बरोबर. विधेयकाचा कायदा कसा होतो, तेही बिनचूक. मग प्रश्न आला, जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं? मावशींनी लिहिलं, अंटार्क्टिका.

मी काय केलं असेल? लाल फुली मारली आणि शिक्षकांच्या खोलीत तो पेपर सगळ्यांना दाखवला. आपण पोट धरधरून हसलो. आठवतंय ना, गणिताचे सर? मावशी एका गुणानं नापास झाल्या.

त्या विचारायला आल्या, तेव्हा मी म्हटलं, "मावशी, तिथं वाळू कुठाय?"

त्या म्हणाल्या, "सर, पाऊस जवळजवळ पडतच नाही ते वाळवंट. मग ते तापलेलं असो नाहीतर गोठलेलं. तुमच्याच कपाटातल्या नकाशांच्या पुस्तकात आहे. धूळ पुसताना वाचलं."

मी ऐकून घेतलं नाही. परवा कपाट रिकामं करताना ते पुस्तक उघडलं. मावशींचं बरोबर होतं. एकतीस वर्षं मी मुलांना सहारा, सहारा म्हणून घोकायला लावलं. मला फार लाज वाटली, आणि अजून वाटते.

फेरतपासणीच्या अर्जाची मुदत आज पाचला संपते. त्यावर तपासनिसाची आणि मुख्याध्यापकांची सही लागते. काल बाई मला म्हणाल्या, "सर, जाता जाता कशाला शाळेचं हसं करता? फुलं घ्या आणि सुखानं घरी जा." बाई, तुमचा मान राखून सांगतो, सुख लागणार नाही.

हा अर्ज तुमच्यासमोर ठेवतोय. माझी सही केलीय. हे पेन.

आपण सर्वांनी इतकं प्रेम दिलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. पेपरातली चूक मात्र घालू नका. बाई, तुमची सही होईपर्यंत मी काही खाली बसत नाही.