सुवॉनचा तट

नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला लशीच्या रांगेत माझ्यापुढे दोघं मधे दीड मीटर सोडून मराठीत बोलत होते.

"आशुतोष, तुझे बाबा गेले तेव्हा तू इथेच होतास ना?"

"नाही वसुधाताई, कोरियात. सुवॉनला."

"त्या दिवसांत सोडलं कसं तुला?"

"तिथल्या कंपनीत आमचं मशीन अडलं होतं. मशीनसाठी परवानगी मिळते. बापासाठी नाही मिळाली."

"तू कोरियात आहेस हे त्यांना माहीत होतं?"

"आईने सांगून ठेवलं होतं, पोरगा पुण्यात आलाय, हॉटेलात क्वारंटाइन आहे. तेवढ्यावर तग धरून होते."

"बरं केलं तिने."

"मग एकदा हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉलवर म्हणाले, खिडकीतून पुणं दाखव जरा. मी दमलेलो. विचार न करता फोन फिरवला."

"मग?"

"सुवॉनच्या ऐन मध्यातून जुन्या किल्ल्याचा तट जातो. त्याच्यामागे कंपन्यांच्या काचेच्या इमारती."

"अरे देवा! त्यांनी तर पुण्याभोवतीचे सगळे किल्ले पालथे घातलेले."

"हो ना. चष्मा लावून फोन अगदी डोळ्यांजवळ नेला."

"काही बोलले?"

"म्हणाले, तट छान राखलाय रे. आणि आईला सांगू नकोस, मी पाहिला म्हणून."