उन्हासाठी अर्ज

…आणि वर मलाच म्हणतात, ‘शी शी शी! कौसल्याक्का, हे काय बोलणं झालं?’ आता तुम्हीच सांगा, मी मागितलं काय? दहा हात सुंभाची दोरी! शाळेच्या मागल्या अंगणात, उन्हात बांधायला! शी! किळस येते हो या माणसांची!

तुम्हाला सांगते, जुन्या हुबळीतली आमची मुलींची शाळा, गिरणीकामगारांच्या पोरी येतात, मी शिवण शिकवते. त्यातली चंद्रभागा, तेरा वर्षांची, टाका असा घालते की बघत राहावं, आणि महिन्यातनं आठ-आठ दिवस गैरहजर! का? तर कावळा शिवला. अगं, कावळा चार दिवसांचा, तुझे आठ कसे? तर रडायलाच लागली, बसवेना, चालवेना… कातडं सोलवटून पू धरलेला! पोत्याचा तुकडा वापरायची हो, पोत्याचा! धुवायचा आणि चुलीमागं सरपणाखाली दडवायचा, कारण उन्हात घातला तर अप्पाला दिसेल, थोरल्या भावाला दिसेल! मग तो वाळतोय कुठला? तसाच ओला, कुबट, एकदा तर त्यातनं गोम निघाली… शी! अंगावर काटाच आला माझ्या, आणि मग जो राग आला तो अजून उतरलेला नाही. बाप म्हणतो, ‘सारखी आजारी, कसली शाळा? दिवाळीनंतर गिरणीत लावतो.’

म्हणून पोरींना बसवलं, माझ्या जुन्या लुगड्यांचे तुकडे वाटले, सांगितलं, साबणानं धुवा, उकळा, कडक उन्हात वाळवा. ‘ब्याड री अक्का, ब्याड! उन्हात नको, आई मारेल!’ बरं बाई, म्हटलं, शाळेतच धुवा, शाळेतच वाळवा, तट्ट्याचा आडोसा करू. आणि केला कमिटीकडं अर्ज. बुद्धी फिरली होती माझी!

पाच पुरुष बसले! अध्यक्ष शेषगिरीअण्णा, तेलाचे व्यापारी, तोंडात तंबाखू… ‘अक्काऽ, हे विद्येचं मंदिर, इथं तसली वस्त्रं? शी शी शी!’ आणि पच्चकन थुंकले की विद्येच्या मंदिराच्या कोपऱ्यात! प्रभंजनराव म्हणजे सगळ्यांत सोवळे, डोळे मिटून, ‘नका हो, मला दुपारी जेवण जायचं नाही.’ अरे, पोरीला पू झालाय! तर पाचही जणांचे हात कानांवर. शी! किळस येते हो!

आणि या शेषगिरीअण्णांचं सांगते, भर पेठेत दुकान, वर सज्जा, आणि सज्ज्याच्या कठड्यावर रोज सकाळी काय? अध्यक्षांचा लंगोट! सगळी पेठ बघते! मागं वारा सुटला तर उडून खालच्या भाजीवालीच्या पाटीत पडला, वांग्यांवर! तिनं काठीनं उचलून दिला, अण्णांनी झटकला, परत वाळत घातला. तेव्हा कोण म्हणालं हो शी?

तीन बैठका झाल्या. मी आपली एकच घोकत होते, ऊन पाहिजे, अण्णा, ऊन! पंधरा दिवसांमागं बोलावणं आलं. अण्णा हसतायत चक्क! ‘अक्का, आम्ही काही मागासलेले नाही. ठराव पास!’ डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, वाटलं, उगाच बोलले मी यांना, देवमाणूस! मग कागद वाचला. ‘दोरी बांधण्यास हरकत नाही. मात्र सरपणाच्या खोलीत, दार-खिडकी लावून.’

दोरी मंजूर, ऊन नामंजूर!

बांधली. काय करता? चंद्रभागेनं खोलीत डोकावून बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘अक्का, हे तर आमच्या घरच्यासारखंच झालं की.’ आज तिचा सातवा दिवस, शाळेत नाही. काल बाप येऊन पाटी-दप्तर घेऊन गेला… दिवाळीची वाटसुद्धा बघितली नाही त्यानं.

आत्ता येताना पेठेतनंच आले. सज्ज्याकडं बघायचं नाही म्हटलं, तरी नजर गेलीच. अध्यक्षांचा लंगोट होता, दहाच्या उन्हात. कडकडीत वाळलाय बघा.